पुढच्या महिन्याचा फलक

वडगावच्या बंद मागाच्या शेडमध्ये
भरमा पेंटर फलक रंगवतोय.
शनिवारी खानापूरची माती,
पोरांनी जुने कपडे घालून यावं.
नऊ तारखेपासून सातेरीबाईंची चित्रं,
निपाणीच्या वखारीत बसून
विडीच्या लेबलांमागं काढलेली.
उद्घाटनाला कोण हवं, विचारलं तर म्हणाल्या,
कोण नको की हो, पंखा तेवढा चालू ठेवा.

ह्या खेपेला कन्नड वर, मराठी खाली.
गेल्या खेपेला उलट होतं;
रात्रीत कुणीतरी डांबर फासलं.
भरमानं ते पुसलं नाही,
चौकट मारून दाराशी टांगलंय:
चित्रकार अज्ञात. विकायचं नाही.

तो बघायला आलाच, तर ओळखायचा कसा?
नखं बघायची, भरमा म्हणाला,
डांबर लवकर जात नाही.
रॉकेल देऊ त्याला.