ड्रम

काचपट्टीवर निळ्या रंगात लाल काड्या.
मोजल्या. चौदा.
चकन्युका, वय एकसष्ट, मुटोको.
नात्याचा रकाना या फॉर्मवर नसतो.

मामी बाकावर बसून आहे सकाळपासून.
रक्त कमी आहे म्हणता, ती विचारते,
मग लोहाच्या गोळ्या का देत नाही?

कमी नाही, मामी. लपवलंय.
दरोड्याची कुणकुण लागली की
तू पैसे मक्याच्या पिठात खुपसतेस ना, तसं.
यकृत एक इवलंसं प्रथिन सोडतं,
ते आतड्याच्या दाराला आतून कडी घालतं.
दुसरं एक, दुधातलं, आसवांतलं,
सांडलेला कण न् कण वेचत फिरतं.
जंतूही कच्च्या गुरूचा चेला नाही,
लोह ओढायला आकडे टाकतो बाहेर.
मग आपलं तिसरं प्रथिन तो आकडाच गिळतं,
मासा गळ गिळतो तसं.
फक्त इथे उपाशी राहतो तो कोळी.

मामी हसते. मग बिनचूक विचारते:
हा चोर राहतो कुठं?

पहारेकऱ्याच्या पोटात.
आणि कडी घातल्यावर लोह अडकतं
तेही तिथंच.

ती गप्प होते. मीही.

परसातला ड्रम, रस्तेवाल्यांनी टाकून दिलेला,
मामीने वाळूने घासघासून डांबर काढलं होतं.
सात दिवस त्यात नाचणी आंबायची,
आंबता आंबता लोखंड चाटायची.
पहिला पेला मामांचा. चव बघायला. तीस वर्षं.
घरभर सोनं पसरलेलं असताना
कडी घालायची ती कुठल्या खोलीला?

म्हणजे ड्रम, मामी म्हणते. माझा ड्रम.

मडक्यात कर, असं मी म्हणणार होते.
पण मडक्यात मावली असती का
हरारेतल्या वसतिगृहाची फी,
माझे काळे बूट, हा पांढरा कोट?
त्याच ड्रमच्या पैशांवर शिकले मी
त्याच्यावर बोट ठेवायला.

गोळ्या सुरू झाल्या. लोहाच्या नाहीत, दुसऱ्या.
तिसऱ्या दिवशी मामांची लघवी गंजाच्या रंगाची.
मामी धावत आली दवाखान्यात:
बघ, निघतंय! लोखंड निघतंय बाहेर!
तो औषधाचा रंग होता.
मी मान डोलावली.

पावसाळ्याआधी मामा कुंपणापर्यंत चालत गेले,
न थांबता, आणि परत आले.

ड्रम विकला, मामी सांगते, पलीकडच्या टेकडीखाली,
एका विधवेला, चांगली किंमत आली.
किती जण पितात तिच्याकडे,
मी विचारलं नाही.
काचपट्ट्यांची नवी पेटी फोडली.