वीसपैकी वीस

वर्गात मला वीसपैकी वीस होते.
केव्हा द्यायचं, केव्हा नाही:
सूज पसरत असेल तर, ताप असेल तर,
तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर.
नुसतं दुखतंय म्हणून नाही.
पेपर परत देताना कुंकळ्येकर मॅडम
फक्त ‘हं’ म्हणाल्या होत्या.

आज खुर्चीत एस्पेरांस, आगशीची.
पायाशी पिशवी, पिशवीत चोरीसांच्या माळा.
आमचं निर्जंतुक वगैरे सगळं
लसूण आणि व्हिनेगरपुढे दोन मिनिटांत हरलं.
खालची उजवी दाढ. तीन रात्री झोप नाही.
थंड बोळा लावला तशी तिनं माझं मनगट धरलं.
मी मनात आकडे मोजले,
पस्तिसाव्याला तिनं सोडलं.
सूज नाही. ताप नाही.
जबड्याखाली चाचपलं, गाठ नाही.
आतली नस पेटलीय, एवढंच.
‘एवढंच’ हे मी म्हणायचं. तिनं नाही.

“माका कॅप्सूल दी गो बाय,”
आणि पर्समधून स्ट्रिप काढली.
दहातल्या चार उरलेल्या.
बोटीवरच्या भाच्याच्या,
त्याला घशासाठी दिल्या होत्या की गुडघ्यासाठी,
तिला आठवत नाही.

साडेतीन वाजलेले, शुक्रवार.
उद्या सुट्टी, परवा रविवार, सोमवारी जुन्या गोव्याचं फेस्त.
तीन दिवस ओपीडीला कुलूप.
माझ्या हातानं लिहिलं: अमॉक्सिसिलिन पाचशे,
दिवसातून तीनदा, पाच दिवस.
अक्षर काय सुंदर आलं होतं!
वीसपैकी वीसवाली लिहीत नव्हती ते.
लिहीत होता रविवार,
रात्री हिचा गाल फुगला तर,
आणि कुणी विचारलं तर, तू का नाही दिलंस.

मॅडम मागे केव्हा येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.
“हे कुणासाठी?”
“पेशंटसाठी.”
“हं,” म्हणाल्या,
आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

ओळ माझी मीच खोडली.
भूल दिली. दाढ उघडली.
रक्ताचा एक टपोरा थेंब वर आला
आणि एस्पेरांसचे खांदे खाली आले,
डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसे.
मग दुखण्याची गोळी लिहिली,
कागदाच्या पाठीवर माझा नंबर.
स्ट्रिप मागितली, तर दिली नाही.
“पैशे पडल्यात तिका,” म्हणाली,
आणि चोरीसांच्या पिशवीत टाकली.

रविवारी रात्री बांबोळीच्या हॉस्टेलवर
फोन उशाशी घेऊन मी जागी.
वाजला नाही.
दाढ शांत झाली म्हणून,
की त्या चार घेऊन ती झोपली म्हणून?
हा प्रश्न त्या वीसांत नव्हता.
मनगटाला अजून
थोडासा व्हिनेगरचा वास.