पाळकांचं घर

घर मंडळीचं. खिळा ठोकायचा तरी
वडीलमंडळाला विचारून.
खुर्च्या सहा, पलंग दोन, कपाट एक.
विल्सनकाका दर मार्चात येऊन मोजायचे
आणि आई त्यांना चहा द्यायची
मोजलेल्याच खुर्चीवर बसवून.

शनिवारी रात्री घरात कुजबुज.
पप्पा उपदेश लिहायचे
साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरमागे,
मग परड्यात जाऊन म्हणून बघायचे
चौगुल्यांच्या म्हशीसमोर.
ती रवंथ करत ऐकायची.
पप्पा म्हणायचे, एवढ्या शांतपणे
आपल्यात कुणी ऐकत नाही.

पगार थैलीत जमेल तसा.
गळिताच्या दिवसांत गुळाची ढेप यायची,
कुणाच्या बाप्तिस्म्याला कोंबडी,
पावसाळ्यात नुसते आशीर्वाद.
रविवारी आम्ही पहिल्या बाकावर, चप्प तेल लावून.
पाय हलवायचे नाहीत.
आमोस हलवायचा.

सोळाव्या वर्षी तो त्या बाकावरून उठला
तो थेट शिरोलीच्या फाउंड्रीत.
रविवारी ओव्हरटाइम असतो, म्हणायचा.
पप्पा गावभरच्या पोरांसाठी
नाव घेऊन प्रार्थना करायचे.
त्याच्या नावापाशी आले की चष्मा पुसायचे
आणि पुढचं नाव घ्यायचे.

रात्री बारालाही कडी वाजायची.
"पाळकसायब, म्हातारी लई घाबरी झालीया, चला की."
पप्पा लुना ढकलत वारणेच्या अंधारात,
आई दाराशी टॉर्च धरून.
एकदा दार लावता लावता म्हणाली,
मला नव्हे, बहुतेक कडीलाच,
"सगळ्या गावाला पाळक आहे.
माझा कोण?"

मग एका श्रावणात तिलाच
कोल्हापूरला, सीपीआरमध्ये ठेवलं.
पप्पा आले. चपला दाराबाहेर काढल्या,
स्टूल ओढून बसले,
काखेतलं शास्त्र उघडलं, घसा साफ केला,
जसे आजवर बसले होते
शेकडो परक्या खाटांशेजारी.

आई म्हणाली, "मिटा ते.
आज नवरा म्हणून बसा की जरा."

पप्पांना काही सुचेना.
सलाइनकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं.
माझ्याकडेसुद्धा, जणू मला ठाऊक असावं.
शेवटी आमोस उशाशी ठेवून गेलेल्या पिशवीतून
एक मोसंबं काढलं
आणि सोलत राहिले, फार वेळ,
फोडीवरचा पांढरा धागा न् धागा
नखानं काढत.