पावती

बॅरेंट्स समुद्रात सहावा दिवस.
जाळं वर यायला अजून चार तास,
आणि ब्रांदुर बंकवर पाय दुमडून
लॅपटॉपला समजावतोय :
अरे, मीच तो.
क्लाक्सविकच्या दुकानात रोख मोजले होते,
पावती अजून पाकिटात आहे,
माशाच्या वासासकट.

पडदा म्हणतो, इंटरनेट जोडा.
तुम्ही तुम्हीच आहात का, बघायचंय.

चहूकडे पाणी. जोडायला
एक ध्रुवतारा तेवढा, तोही ढगात.
पंचवीस अक्षरांची किल्ली
तो तिसऱ्यांदा टाइप करतो,
हे शून्य की ओ, डोळे बारीक करून.
मागल्या वर्षी मदरबोर्ड बदलला,
तेव्हापासून खेळाच्या लेखी
तो कुणी तिऱ्हाईत.

पलीकडच्या बंकवर आचारी तोर्मोड
फुकट उतरवलेला तोच खेळ
तिसऱ्या किल्ल्यापर्यंत घेऊन गेलाय.
त्याला कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात.
इथे तर दोराचे पैसेही
संन्याशानंच भरलेत.

तोर्मोड न बोलता सरकून जागा करतो.
ब्रांदुर बसतो. थोडा वेळ नुसता बघतो.
मग म्हणतो, "डावीकडच्या दारानं जा,
तिथे पहारा नसतो."