रकाना सातवा

तळघरात तिसऱ्या फळीवर
त्याचं तोंड भिंतीकडे असायचं.
क्रमांक पाठीवर,
आणि मोजणीला पाठच लागते.
बावीस वर्षं मी त्याची पाठ मोजली.

कार्डावर : वाघ. लाकूड, बहुधा साग.
उंची सव्वा हात. शेंदराचे थर साफ केले.
प्राप्ती : भेट.

ठमाबाई केंगले दोन एसट्या बदलून
घोडेगावच्या वरच्या अंगाहून पुण्यात आल्या.
चपला त्यांनी जिन्याशीच काढल्या.
मी म्हटलं, असू द्या, खाली धूळ आहे.
त्या तशाच उतरल्या.

"साग न्हाई, शिवण हाये,"
कार्ड ऐकून पहिलं हे.
मग, "भेट कुनी दिली?
आवणीचे दिस. सारा गाव चिखलात वाकलेला,
शिवंवर त्यो एकटाच."
कार्ड मी पुन्हा खोक्यात ठेवलं.

वर साहेबांनी अर्ज पुढे केला.
रकाना पाचवा : वस्तू कुठे ठेवणार?
शिवंवर.
शीव कुठे आहे?
पान्याखाली.

पंखा तेवढा फिरत होता.
साहेब म्हणाले, बाई, गावच धरणात गेलं,
मग हा परत जाणार कुठे?

"वैशाखात पानी उतरतं.
हिरीचं तोंड दिसतं, शिवंचा दगूड निघतो.
आमी जातो निवद घेऊन,
रिकाम्या दगडाला दाखवून येतो.
दीड म्हैना त्यो तिथं बसंल,
बाकी माझ्या पडवीत.
का त्याचाबी धरणग्रस्ताचा दाखला पायजे?"

रकाना सातवा : मालकाचं नाव.
त्यांनी पेन मला परत दिलं.
"आमचं कसं लिवायचं? आमी त्याची मानसं."
मी लिहिलं, वाघोबा.
वस्तू : वाघ. मालक : वाघोबा.

अर्ज दोनदा परत आला.
तिसऱ्यांदा, एका मार्चअखेरीला,
कुणीतरी न वाचताच सही केली असावी.

आदल्या संध्याकाळी मी एकटा खाली गेलो,
कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून
पाठीवरचा क्रमांक पुसायला लागलो.
नऊ गेला, चार गेला,
आणि खाली शेंदूर.
आकडे आधी रंगवले होते, साफसफाई नंतर झाली,
आकड्यांच्या कडेकडेने, सांभाळून.
माझ्या अंगठ्याएवढा, ओला वाटावा इतका भगवा.
बोळा मी तिथेच थांबवला.
एक शून्य अजून आहे त्याच्या पाठीवर.

सकाळी ठमाबाईंना दाखवलं, थोडा चाचरतच.
त्यांनी बोट लावलं, कपाळाला नेलं.
"राखला की थोडा तुमी," म्हणाल्या.
मला ते अजून नीट घेता येत नाही.

वाकडेवाडीच्या स्टँडवर कंडक्टरने विचारलं,
लुगड्यात काय, लगेज?
"मानूस हाये. अर्धं फाड."
त्याने पदर जरा उचलून पाहिला.
तिकीट फाडलं, पूर्ण,
आणि खिडकीशी बसलेल्या पोराला उठवलं.