पेटी क्रमांक सात

ऑगस्ट उतरणीला लागला की
माल्शे नदीकाठच्या लिंडनच्या बुंध्याशी
हे लाल किडे गोळा होतात.
पाठीवर काळे ठिपके, जणू ओल्या लाखेवर
कुणी घाईत बोट टेकवून गेलंय.
पोरं त्यांना काडीनं डिवचतात. मीही डिवचायचे.
तेव्हा ठाऊक नव्हतं की यांच्या पोटात
येणारा हिवाळा आधीच पोहोचलेला असतो.

थंडीवर त्यांचा विश्वास नाही. थंडी लबाड,
ऑक्टोबरात रजेवर जाते, एप्रिलात विसरलेली छत्री न्यायला परत येते.
किडा रात्र मोजतो.
दिवस नाही, रात्र.
पहिल्याच दिवशी डॉक्टर ह्लावसांनी बजावलं होतं,
"उजेड काय, कुणालाही दिसतो, यार्मिला.
हे अंधाराची लांबी मापतात,
आणि मापात उधारी चालवून घेत नाहीत."

माझं काम साधं. तळघरात बारा पेट्या,
प्रत्येकीचा सूर्य म्हणजे एक दिवा नि एक टायमर.
लिंडनचं बी घालायचं, पाण्याच्या नळीचा कापूस बदलायचा,
मेलेले चिमट्यानं उचलायचे, वहीत आकडा.
सात नंबरात रात्र बारा तासांची.
तिथल्या माद्यांनी अंडी घालणं कधीच थांबवलं होतं.
अंगात चरबी मुरवत, एकमेकींना खेटून
दारं-खिडक्या लावून घेतलेल्या गल्लीसारख्या बसल्या होत्या.

आई जुलैत गेली.
तिच्या कानातल्या गार्नेटच्या कुड्या मी घालायला लागले,
आणि सप्टेंबरच्या एका रात्रपाळीत
डाव्या कुडीतला खडा निखळून पडला.
रात्रीचा दीड. मोबाइलचा दिवा लावला,
जमिनीवर, कपाटामागे, मग सात नंबरचं झाकण उचललं.
शेकडो लाल पाठी. त्यांत एक लाल खडा.
एक मिनिट, फार तर दीड.

दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री पुन्हा.
पुढे पुढे खडा नुसता निमित्ताला उरला.
दीड वाजला की मी झाकण उचलायची,
दिवा धरायची, आणि त्या मिशा हलवायच्या.
त्या तळघरात त्या वेळी
माझ्याकडे वळून बघणारं दुसरं होतंच कोण.

तीन आठवड्यांनी कापसाखाली
मोत्याच्या चुऱ्यासारखा अंड्यांचा पुंजका.
शेजारी आणखी एक. आणखी एक.

डॉक्टरांनी टायमर तपासला, वायर तपासली, मग मला विचारलं.
मी सांगितलं. खड्याचं सांगितलं, आईचं नाही.
ते चश्मा पुसत राहिले.
"म्हणजे लांबलचक रात्र तू मधोमध कापलीस.
त्यांच्या हाती दोन आखूड रात्री आल्या.
आखूड रात्र म्हणजे उन्हाळा. त्यांचं काही चुकलं नाही."

संध्याकाळी त्यांनी ट्रॉलीबसच्या थांब्यापाशी नेलं.
पालिकेनं बसवलेला नवा पांढरा दिवा, खाली लिंडन.
पलीकडच्या अंधारातल्या झाडांखालचे किडे केव्हाच पालापाचोळ्यात गेले होते.
इथे मात्र दोन दोन, शेपटीला शेपटी जोडून,
उन्हाळा अजून चालूच.
"पहिलं हिमकडं पडेल तेव्हा?" मी विचारलं.
ते म्हणाले, "बस आली."

अंडी टाकून दे, असं कुणी म्हणालं नाही,
म्हणून मी ती तीन नंबरात ठेवली,
जिथे रात्र आठच तासांची.
नोव्हेंबरात, बाहेर पहिलं बर्फ पडत असताना,
टाचणीच्या टोकाएवढी पिलं बीवर चढली,
खड्याच्याच रंगाची. मी मोजली. एकसष्ट.

खडा सापडला नाही.

वहीत लिहिलं: पेटी सात, अवेळी अंडी, पिलं एकसष्ट.
कारणाच्या रकान्यात आधी लिहिलं, दिवा.
ते खोडलं.
लिहिलं, यार्मिला.