भोक

अकोट्याच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
विश्वामित्री माझ्या स्क्रीनवर पडून आहे,
सत्तावीस लाख ठिपक्यांची.
ड्रोनने टिपली तेव्हा चैत्र होता, ती आटलेली होती.

सॉफ्टवेअरला रिकामं काही सोसत नाही.
दोन ठिपके दिसले की रेघ, तीन दिसले की त्रिकोण.
या काठच्या बाभळीपासून त्या काठच्या पंपहाऊसपर्यंत
बिनदिक्कत कातडं ताणतं,
मध्ये नदी आहे का, विचारत नाही.
कडेला तर लांबच लांब सुईसारखे त्रिकोण.
आम्ही मोजलीच नाही ती जमीनही सांगून मोकळं,
आमच्या दांडिया बाजारातल्या सुलूआत्यासारखं,
जी न गेलेल्या गावाचीही वाट सांगते.

म्हणून कापावं लागतं.
टिचकी मारायची, खुंटी रोवायची, पुढे सरकायचं,
शेवटची खुंटी पहिलीला बांधायची.
मग ते विचारतं: आतलं ठेवू, की बाहेरचं?
नवी होते तेव्हा चुकीचं उत्तर दिलं
आणि सगळं बडोदं गेलं,
काळ्या पडद्यावर उरला एकच डोह.
धीमंतभाई हसले, "कंट्रोल झेड, बेन.
नदी हजी क्यांय गई नथी."

आता हात बसलाय.
पाणी कापते, पाण्यावरचे ठिपके खोटे असतात.
पुलाची सावली. कडब्याची गंजी. म्हशी.
समाच्या वळणावर अकरा ठिपके होते,
वाळूपासून वीतभर उंच,
एका टोकाला निमुळते होत गेलेले.
नियमाने ती जमीन नव्हे.
कापली.
मगर काही हलली नाही.

काल निरोप आला: गोदडिया भाठा वगळा.
पत्रे, ताडपत्र्या, एकाला एक चिकटलेलं,
पृष्ठभाग खडबडीत येतो, मातीकामाचा हिशोब चुकतो.
चौतीस टिचक्या लागल्या.
आत कंकुबेनचंही घर असणार,
आमच्या फाटकाशी दातणं विकते ती.
कुठला पत्रा तिचा, वरून कळत नाही.
नेहमीचा प्रश्न आला. या वेळी बरोबर उत्तर दिलं.

आज पुराचं प्रारूप चालवलं.
निळं पाणी चढलं, कोतरांत शिरलं,
शाळेच्या पायऱ्या, स्मशानाची भिंत, पंपहाऊस घेतलं,
आणि भाठ्याच्या कडेशी येऊन थांबलं.
जमीनच नाही तिथे चढणार कशावर?
तक्त्यात त्या ओळीत, बुडालेली घरं: शून्य.
धीमंतभाई म्हणाले, सरस, पाठवून दे.

मी खाली गेले.
कंकुबेन दातणांवर पाणी शिंपडत होती.
विचारलं, गेल्या पुरात कुठवर आलं होतं?
तिने गुडघा दाखवला, मग कंबर,
मग माझ्या तोंडाकडे बघत
हात स्वतःच्या डोक्यावर नेला
आणि तिथेच धरून ठेवला,
जणू मी आता टेप काढणार आहे.

दहा रुपयांची दातणं घेतली. एवढी काय करायचीत?

मूळ फाईल आहे अजून, न कापलेली,
नावापुढे 'जुनी' लिहिलेली.
उघडली आहे. ठिपके यायला वेळ लागतो.
आधी मगर आली,
मग म्हशी.
भाठा अजून यायचाय.
दातण चावत बसले आहे,
बाभळीचं, तुरट.